डॉ. रखमाबाई आणि लवकर लग्नाचा प्रश्न : पाळी आली म्हणजे शरीर तयार झाले का?

प्रसूती विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रसंग ओळखीचा असतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदाच तपासणीला येते. चेहरा फिकट, पायांवर सूज. केसपेपरवर वय १९ सांगितले जाते. सोबत आलेली आई किंवा सासू दोन गोष्टींनी घाबरलेली असते : एक, मुलीच्या तब्येतीची काळजी आणि दुसरी, आता पोलिसांना कळेल ही भीती. अशा वेळी रागावून काही साधत नाही. लग्न लवकर का केले याची कारणे प्रत्येक घरात वेगळी असतात. पण एक समज मात्र जवळपास प्रत्येक घरात सापडतो. पाळी सुरू झाली की मुलीचे शरीर संसाराला आणि बाळंतपणाला तयार झाले, असे मानले जाते.

हा समज आजचा नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका घरात एका डॉक्टरने तो मानायला नकार दिला. त्यामुळे त्या घरातली मुलगी लहान वयातल्या बाळंतपणापासून वाचली, देशभर गाजलेल्या खटल्याला सामोरी गेली आणि पुढे स्वतः डॉक्टर होऊन तिने हजारो स्त्रियांवर उपचार केले. ती मुलगी म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर लवकर लग्नाचा आरोग्याशी काय संबंध आहे आणि नुसता कायदा का पुरत नाही, या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

आई : चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी वैधव्य

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आईचे, जयंतीबाईंचे, लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळात ही कहाणी जगावेगळी नव्हती. शाळेत असायच्या वयात एक मुलगी पत्नी, आई आणि विधवा अशी तिन्ही झाली होती.

जयंतीबाई सुतार समाजातल्या. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला परवानगी होती. काही वर्षांनी त्यांचे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. दुसरे लग्न करताना जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता लहानग्या रखमाबाईंच्या नावे केली.

रखमाबाईंचेही लग्न प्रथेप्रमाणे लवकरच झाले. त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. दादाजीने शिकावे, चांगला माणूस व्हावे आणि सासऱ्यांच्या आधाराने उभे राहावे, असे ठरले होते.

सावत्र वडिलांचा निर्णय

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाईंना पाळी सुरू झाली. रूढीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायचा आणि मुलगी सासरी जायची. डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्याला संमती दिली नाही. इतक्या लहान मुलीचे शरीर त्यासाठी तयार नसते, हे डॉक्टर म्हणून त्यांना माहीत होते. रखमाबाई आईवडिलांच्या घरीच राहिल्या. शाळा सुटली होती, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचत राहिल्या.

लग्न थांबवणे त्या घराला जमले नव्हते. पण लग्नानंतरची घाई त्यांनी थांबवली, आणि त्या एका निर्णयाने पुढचे सगळे बदलले.

पाळी येणे म्हणजे शरीर तयार होणे नव्हे

त्या निर्णयामागचे वैद्यकीय कारण आज आपण अधिक नेमकेपणाने सांगू शकतो.

पहिली पाळी ही वयात येण्याच्या प्रक्रियेतली एक पायरी असते, शेवट नव्हे. पाळी सुरू झाल्यानंतरही साधारण दोन वर्षे मुलीची उंची वाढत असते. बाळ ज्या हाडांच्या कमानीतून बाहेर येते, तो कटीभाग त्यानंतरही काही काळ वाढत आणि रुंद होत असतो. त्याची वाढ अपुरी असताना प्रसूतीची वेळ आली, तर बाळाचे डोके अडकू शकते. यालाच अडलेले बाळंतपण म्हणतात. वेळेवर सिझेरियन झाले नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. जगली वाचली तरी कधी कधी तिच्या मूत्राशयाला किंवा गुदाशयाला छिद्र पडून लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जातो. याला फिस्तुला म्हणतात. शस्त्रक्रियेने तो बहुतेकदा बरा होतो, पण लाजेपोटी अनेक जणी वर्षानुवर्षे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसरा धोका रक्तक्षयाचा. वाढत्या वयात मुलीच्या शरीराला स्वतःसाठीच जास्त लोह लागते आणि दर महिन्याला पाळीतून रक्तही जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले. त्यात गर्भ राहिला, तर आधीच अपुरे असलेले लोह आई आणि बाळ दोघांत वाटले जाते. अशा मुलीला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही.

तिसरा धोका रक्तदाबाचा. कमी वयात पहिलटकरणीला गर्भारपणात रक्तदाब वाढण्याची आणि झटके येण्याची शक्यता अधिक असते. बाळे कमी दिवसांची आणि कमी वजनाची जन्मतात. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गर्भारपण आणि बाळंतपणातील गुंतागुंतीचा समावेश होतो.

यातली कोणतीही गोष्ट मुलगी अंगाने भरलेली दिसते म्हणून टळत नाही. वरवर दिसणाऱ्या बांध्यावरून कटीभागाची किंवा रक्ताची स्थिती कळत नाही.

कोर्टाने विचारलेला प्रश्न

वर्षे गेली. दादाजी शिकला नाही, कर्जात अडकला आणि मामाच्या आश्रयाला राहिला. रखमाबाई मात्र वाचनाने आणि सुधारकांच्या सहवासाने घडत गेल्या. १८८४ मध्ये दादाजीने पत्नीने आपल्याकडे नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी नकार दिला. त्याच्याकडे घर चालवण्याची ऐपत नाही, तो ज्यांच्या आश्रयाला राहतो ती माणसे चांगली नाहीत, आणि त्याला दम्याचा त्रास असून क्षयाची लक्षणे दिसतात, अशी कारणे त्यांच्या बाजूने मांडली गेली. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. या नकारात आरोग्याचा मुद्दाही होता, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही.

खटला सुरू असतानाच, १८८५ च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन यांचा मृत्यू झाला. घरातला मोठा आधार गेला. त्याच वर्षी रखमाबाईंनी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे लिहिली. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोघे कधी एकत्र राहिलेच नव्हते, तेव्हा स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पाठवणे त्यांना मान्य झाले नाही. या निकालावर मोठे वादळ उठले. लोकमान्य टिळकांच्या मराठा पत्राने त्यावर टीका केली. परक्या सरकारच्या कोर्टाने हिंदू कुटुंबात ढवळाढवळ करू नये, अशी त्या बाजूची भूमिका होती. सुधारक मंडळी रखमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली.

अपिलात प्रकरण फिरून आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निर्णय दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्याने हक्क सोडला.

या खटल्यात हक्क कोणाचा, धर्म काय सांगतो, कायदा इंग्रजांचा की आपला, यावर पुष्कळ चर्चा झाली. अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचे काय, हा प्रश्न मात्र कोर्टासमोर नव्हता. तो पुढे आला एका मृत्यूमुळे.

एक मृत्यू आणि एक कायदा

१८६० च्या दंडविधानात संमतीचे वय १० वर्षे होते. पत्नीलाही तेच लागू होते. मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. रखमाबाईंच्या खटल्याने हा विषय इंग्लंडपर्यंत पोहोचवला. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाच्या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे झालेल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. तिचे वय दहाच्या वर असल्याने नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. त्यानंतर भारतात काम करणाऱ्या ५० हून अधिक स्त्री डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या लहान मुलींच्या इजांची माहिती जोडून सरकारला निवेदन दिले. १८९१ मध्ये संमतीचे वय १० वरून १२ वर आले.

वाढ फक्त दोन वर्षांची होती, आणि तिलाही कडवा विरोध झाला. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे लग्नाचे किमान वय १४ झाले, १९७८ मध्ये ते १८ झाले आणि २००६ मध्ये सध्याचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. म्हणजे दहापासून अठरापर्यंत यायला शंभरएक वर्षे लागली.

डॉक्टर रखमाबाई : दवाखान्याची भीती घालवताना

खटल्यातून सुटका झाली तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत. आजार अंगावर काढणे किंवा सुईणीच्या हाती सोपवणे, एवढेच त्यांच्यापुढे असे. स्त्री डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण परत आल्यावर काही महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयाने गेल्या. मुंबईत कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले आणि पैसे उभारायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेल्या देशातल्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

१८९५ मध्ये त्या सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. इमारत होती, डॉक्टर होत्या, पण बाळंतपणाला बायका येत नव्हत्या. दवाखान्यात गेले की माणूस परत येत नाही, ही भीती मनात बसलेली होती. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे बाळंतपण केले आणि शेळी-करडू सुखरूप असल्याचे लोकांना दाखवले, अशी आठवण सांगितली जाते. हळूहळू बायका येऊ लागल्या.

सुरतेनंतर त्यांनी राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख म्हणून काम केले. दोन्ही ठिकाणची मिळून सुमारे ३५ वर्षांची सेवा झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. दादाजीच्या मृत्यूनंतर मात्र त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्या लग्नाला आयुष्यभर नाकारले त्याची ही खूण त्यांनी का स्वीकारली, यावर वेगवेगळी मते आहेत. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आजचे चित्र

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांना विचारले, त्यांपैकी देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. २००५-०६ मध्ये देशातले हे प्रमाण ४७ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरीही आपल्या राज्यात पाचातल्या एका मुलीचे लग्न कायद्याच्या वयाआधी झालेले आहे.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांना विचारले तर कारण अज्ञान नसते. आईवडील सहा महिने कारखान्यावर जातात. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. लग्न झाले की मुलीची जबाबदारी संपते आणि एक कोयता वाढतो. जिथे जवळ वसतिगृह आहे, एसटी वेळेवर आहे, दहावीनंतरचे शिक्षण हाताशी आहे, तिथे मुलीचे लग्न पुढे जाते. म्हणून हा प्रश्न आरोग्य खात्याचा आहे तितकाच शाळा, रस्ते आणि रोजगाराचाही आहे.

आणखी एक पेच आहे. अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, लग्न झालेले असले तरी. अशी मुलगी गरोदर असल्याचे कळले, तर रुग्णालयाला ते कळवावे लागते. हा कायदा मुलींच्या संरक्षणासाठीच आहे. पण पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे तपासणीच टाळतात, वय खोटे सांगतात किंवा घरीच बाळंतपण करतात. रखमाबाईंच्या काळी बायका दवाखान्याला घाबरत, आज दवाखान्यातून बाहेर जाणाऱ्या कागदाला घाबरतात. दोन्ही भीतींचा परिणाम एकच होतो : मुलगी उशिरा पोहोचते.

कुटुंबाने काय करावे

*लग्न ठरत असेल तर* थांबा. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. १०९८ या क्रमांकावर मुलगी स्वतः किंवा कोणीही फोन करू शकते.

*लग्न झालेच असेल तर* मुलगी निदान अठरा पूर्ण होईपर्यंत माहेरी राहू द्या आणि शिक्षण चालू ठेवा. रखमाबाईंच्या घराने हेच केले होते. त्यानंतरही पहिले मूल वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लांबवणे हिताचे असते. गर्भनिरोधक साधनांची माहिती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बालपणी झालेले लग्न रद्द करून घ्यायचे असेल, तर त्या मुलीला अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत न्यायालयात अर्ज करता येतो.

*मुलगी गरोदर असेल तर* लपवू नका. खरे वय सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात. पोलिसांना कळवायचे आहे म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. गर्भपाताचा विचार असेल, तर जितक्या लवकर याल तितके ते सुरक्षित असते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे आणि अल्पवयीन मुलींसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. अशा प्रकरणात मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

गर्भ ठेवायचा असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी आणि वजन दर भेटीला तपासून घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्या. बाळंतपण सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयातच करा. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि रक्त मोफत मिळते.

*पुढीलपैकी काहीही दिसले तर* दिवस-रात्र न पाहता रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा :

- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे
- चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, झटके
- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे
- बाळाची हालचाल कमी होणे
- बसल्या जागी धाप लागणे, खूप थकवा
- कळा सुरू होऊन बारा तासांपेक्षा जास्त वेळ जाणे

*लग्नाचा विषय नसेल तरीही* घरातल्या मुलीचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती जेवणानंतर घेते का, एवढे पाहा.

जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या. त्यांच्या मुलीने तीस वर्षांची असताना रुग्णालयाची जबाबदारी घेतली. या दोन आयुष्यांत एका पिढीचेच अंतर होते. आणि त्याची सुरुवात झाली ती घरातल्या एका जाणत्या माणसाने योग्य वेळी घाई नको म्हटल्यामुळे. तुमच्या घरात ते कोणीही म्हणू शकते : आई, वडील, मामा, आजी किंवा थोरला भाऊ. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.